कुणाकडं आलात?

आपलं शहर आपल्याला माहीत आहे, असं आपण म्हणतो तेव्हा नक्की किती माहीत असतं? माझा जन्म कोथरूडचा, शाळा कोथरूडची, इंजिनिअरिंग पुण्यातच, नोकरी हिंजवडीला. कुणी विचारलं तर मी छाती फुगवून सांगतो की मी पुणेकर आहे. पण फोनमधली मॅप्सची टाइमलाइन उघडली की तीन-चार जाड रेषा तेवढ्या दिसतात. घर ते ऑफिस, घर ते डेक्कन, बाणेर-औंधचे कॅफे, आणि वर्षातून दोनदा रेल्वे स्टेशन. बाकीचं शहर कोरं. २०२१ मध्ये आणखी २३ गावं महापालिकेत आली आणि पुण्याचं क्षेत्रफळ ५०० चौरस किलोमीटरच्या वर गेलं. मी वापरतो ते पुणं मात्र पीएमपीच्या एका रूटएवढं आहे. तुम्ही तुमची टाइमलाइन काढून बघा. फार वेगळं निघणार नाही.

गंमत म्हणजे या कोऱ्या भागाबद्दल आपली मतं अगदी पक्की असतात. 'तो एरिया बरोबर नाही.' 'तिकडं रात्रीचं नको जाऊस.' 'तिथं काय आहे बघण्यासारखं?' ही मतं कुठून आली असं विचारलं तर बहुतेक वेळा कुणाच्या तरी काकांच्या अनुभवाशी जाऊन थांबतात. काका तिथं शेवटचे १९९४ मध्ये गेलेले असतात.

यावर उपाय म्हणून आम्ही पाच जणांनी दीड वर्षापूर्वी एक उद्योग सुरू केला. महिन्यातले दोन रविवार पुण्याच्या अनोळखी भागात फिरायचं. गाड्या लांब लावायच्या, पायी चालायचं, मॅप फक्त परत येताना उघडायचा. पाचातले दोघे ऑफिसमधले, एक मैत्रीण नाशिकहून नोकरीसाठी आलेली, एक माझा इंजिनिअरिंगचा बॅचमेट आणि मी.

कसबा पेठेतली तांबट आळी पत्ता न विचारता सापडते, आवाजाच्या दिशेनं चालत राहायचं. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे अगदी एकसारखे ठोके मारून जे खळगे उठवतात त्याला मठारकाम म्हणतात. पेशवाईपासून हे काम करणाऱ्या घरांत आता बंब-घंगाळ्यांच्या जोडीला दिवाणखान्यात लावायचे दिवेही बनतात. भवानी पेठेतला टिंबर मार्केट वासावरून सापडतो. लष्कर भागातल्या लाल देवळाचं नाव मराठी, पण ते आहे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. डेव्हिड ससूनच्या पैशातून उभी राहिलेली ही लाल विटांची इमारत १८६७ मध्ये पुरी झाली आणि पुणेकरांनी तिचं लगेच देऊळ करून टाकलं. गोखलेनगरला गेलो तेव्हा कळलं की तिथल्या जुन्या वस्तीचा इतिहास नदीकाठच्या पेठांमध्ये सुरू होतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पेठा पाण्याखाली गेल्या, आणि उघड्यावर पडलेल्या कुटुंबांना शहरानं जिथं जागा दिली त्यातली एक ही. माझी आजी कोणतीही गोष्ट सांगताना 'पुराच्या आधी' की 'पुराच्या नंतर' हे सांगायची. ते वाक्य मी लहानपणापासून ऐकत होतो. त्या वाक्यातली माणसं पुढं कुठं राहायला गेली हे मला गोखलेनगरच्या गल्लीत उभं राहिल्यावर कळलं.

हे सगळं मजेचं आहे आणि मी ते कुणालाही करायला सांगेन. पण या लेखाचा विषय ती मजा नाही. साधारण आठव्या-नवव्या फेरीनंतर आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न आला, तो अजून हललेला नाही.

*

पुढच्या वेळी कुठं जायचं याची यादी चालली होती. ऑफिसमधल्या एकानं लिहिलं, 'पर्वतीच्या उतारावरच्या वस्त्या कधी बघितल्या नाहीत. मस्त चढ आहे, वरून व्ह्यू भारी असेल. एक्सप्लोर करूया.' दोन अंगठे आले. मग बराच वेळ काही नाही. मग माझ्या बॅचमेटचा मेसेज आला.

'माझं घर तिथंच आहे. पुढच्या रविवारी या सगळे. पण जेवायला या. बघायला नका येऊ.'

आम्हाला तो पर्वतीला राहतो हे माहीत होतं. पर्वती म्हटल्यावर आपल्या डोक्यात टेकडी, पायऱ्या आणि देवळं येतात. उतारावर अंगाला अंग लावून हजारो घरं आहेत हे येत नाही. डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेला हा मुलगा आमच्या बॅचमध्ये डेटाबेसचा सगळ्यात पक्का होता, आणि आठ फेऱ्या आमच्याबरोबर हौसेनं फिरला होता. कसबा त्यालाही नवीन होतं, लाल देऊळही. त्याच्या बाबतीत अनोळखी हा शब्द पहिल्यांदाच उलटा फिरला.

त्याच्या मेसेजमधला फरक मला महत्त्वाचा वाटतो. त्यानं येऊ नका असं म्हटलं नाही, उलट बोलावलं. फक्त आम्ही कोण म्हणून यायचं हे त्यानं ठरवलं. जेवायला येणारा माणूस आणि बघायला येणारा माणूस त्याच पायऱ्या चढतात, तीच गल्ली बघतात, तोच व्ह्यू बघतात. मग फरक कशात आहे? आणि बघायला येणाऱ्याचं नक्की चुकतं काय? रस्ता सरकारी आहे, तिकीट नाही, फाटक नाही. कुणी कुणाला त्रास देत नाहीये. मला हा प्रश्न प्रामाणिकपणे सोडवायचा आहे, कारण दोन्ही बाजूंनी सोपी उत्तरं तयार पडलेली आहेत.

*

पहिलं सोपं उत्तर असं की शहर सगळ्यांचं आहे, कुठंही जा. हे उत्तर मला मनापासून आवडतं. शहरातली माणसं एकमेकांच्या भागात गेलीच नाहीत, तर काकांची मतंच राज्य करतील. भाड्यानं घर देताना आडनाव विचारणारे, एखाद्या पिनकोडला कर्ज देताना नाक मुरडणारे, अमुक वस्तीतला पोरगा म्हणून इंटरव्ह्यूत भुवई उंचावणारे, हे सगळे न गेलेले लोक असतात.

दुसरं सोपं उत्तर असं की गरिबाचं जगणं ही प्रेक्षणीय वस्तू नव्हे, तिकडं फिरकूच नका. या उत्तरालाही इतिहास आहे. १८८०च्या दशकात लंडनमधले पैसेवाले लोक संध्याकाळी ईस्ट एंडच्या गरीब वस्त्या बघायला जायचे. कुणी दानधर्माच्या नावाखाली, कुणी नुसतं कुतूहल म्हणून. इंग्रजीत त्यासाठी 'स्लमिंग' असा शब्दच रुळला. आज हातात रील काढायचा फोन असल्यामुळे त्यासाठी बग्गीही लागत नाही. 'पुण्यातल्या या गल्लीबद्दल तुम्हाला माहीत नसेल' अशा मथळ्याखाली कुणाचंतरी न्हाणीघर दिसत असतं.

पण दुसऱ्या उत्तराचा शेवट कुठं होतो ते बघा. न जाण्याला आपण संवेदनशीलता म्हणू लागलो, तर ज्याला मुळातच जायचं नव्हतं त्याच्या हातात एक छान कारण येतं. गेटच्या आत बसून तो म्हणू शकतो, मी त्यांच्या खाजगीपणाचा आदर करतो. माझ्या मित्राला हे उत्तर अजिबात चालत नाही. तो म्हणाला, 'अरे, आमच्याकडं कुणी येत नाही हीच तर तक्रार आहे. कॉलेजची तीन वर्षं माझ्या घरी तुम्ही कुणी आला नव्हता.'

*

आम्ही गेलो. पायऱ्या चढताना पहिल्याच वळणावर नळाशी बसलेल्या एका बाईंनी विचारलं, "कुणाकडं आलात?" मित्राचं नाव सांगितलं. "म्हंजे अमक्याच्या पोराकडं. वर जा, पिंपळापासनं उजवीकडं." पुढच्या वळणावर एका आजोबांनी तेच विचारलं. वर पोचेपर्यंत चार वेळा. चौथ्या वेळी आम्ही मित्राच्या वडिलांचं नाव स्वतःहून सांगायला लागलो होतो.

जेवताना, म्हणजे पिठलं, भाकरी, ठेचा आणि आमच्यासाठी मुद्दाम आणलेला श्रीखंडाचा डबा यांच्या मध्ये, मला एक साधी गोष्ट दिसली. ती तिथं बसल्याशिवाय दिसली नसती. त्यांचं घर दहा बाय बाराचं. पाच माणसं. आम्ही चौघं आल्यावर काकांनी खुर्ची उचलली आणि गल्लीत टाकली. शेजारच्या घरातल्या ताई दारात बसून लसूण सोलत होत्या. समोर एक पोरगं बादलीतल्या पाण्यानं आंघोळ करत होतं. ती गल्ली चार फुटांची असेल. महापालिकेच्या लेखी तो रस्ता. पण ज्या घराला ओटा नाही, गॅलरी नाही, मोरीवर दार नाही, त्या घराचा ओटा, गॅलरी आणि मोरी म्हणजे ती गल्लीच असते.

माझ्या सोसायटीत घर आणि रस्ता यांच्यामध्ये किती थर आहेत ते मी नंतर मोजलं. दार, पॅसेज, लिफ्ट, पार्किंग, बाग, फाटक, आणि मग रस्ता. एखादा अनोळखी माणूस माझ्या फाटकापाशी येतो तेव्हा तो माझ्या खाजगी आयुष्यापासून शंभर मीटर लांब असतो. त्या गल्लीत चालणारा अनोळखी माणूस लसणाच्या सालींवरून चालत असतो. रस्ता सार्वजनिक आहे हे वाक्य दोन्हीकडं कायद्यानं सारखं खरं आहे, पण दोन्हीकडं त्याचा अर्थ सारखा नाही. खाजगीपणा विकत घ्यावा लागतो आणि तो चौरस फुटांच्या भावानं मिळतो. ज्यांना तो परवडला नाही त्यांच्या दारासमोरून जाताना आपण त्यांच्या घरातूनच जात असतो, आणि कुणाच्या घरातून जाताना माणूस जसं वागतो तसं वागणं भाग असतं. नजर सरळ, आवाज बेताचा, फोन खिशात, आणि कुणी विचारलं तर उत्तर.

*

'कुणाकडं आलात?' हा प्रश्न मला ओळखीचा होता, कारण तो माझ्याही घरी विचारतात. फक्त तिथं तो खुर्चीवरून, निळ्या गणवेशात, टॅबवर विचारला जातो.

काही महिन्यांनी माझा मित्र आमच्या भागातल्याच एका सोसायटीत एका सहकाऱ्याकडं गेला होता. सहकाऱ्याचा फोन लागेना. वॉचमननं आत सोडलं नाही, ते ठीक. हा फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसला तर तिथूनही उठवलं. रागावून नाही, अगदी सवयीनं. "इथं थांबायचं नाही, साहेब ओरडतात." वॉचमन स्वतः कदाचित पर्वतीसारख्याच एखाद्या उतारावर राहत असेल. आमच्या सोसायटीच्या गेट-ॲपमध्ये येणाऱ्याचं कारण निवडावं लागतं. पाहुणा, डिलिव्हरी, कॅब, घरकाम, दुरुस्ती. मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून अशा ड्रॉपडाऊनकडं माझं लक्ष जातं. यादीत जो पर्याय नसतो, तो माणूस त्या सिस्टिमच्या दृष्टीनं अस्तित्वात नसतो. आमच्या यादीत 'फिरायला' असा पर्याय नाही. पर्वतीच्या पायऱ्यांवर कारण न सांगताही आम्हाला वर जाता आलं असतं. तिथला प्रश्न आम्हाला कुणाच्या तरी नात्यात बसवण्यासाठी होता. आमच्या फाटकावरचा तोच प्रश्न गाळण्यासाठी असतो.

इथं मला इमॅन्युएल कांट आठवतो. जन्मभर कोनिग्सबर्ग सोडून फारसा लांब न गेलेल्या या माणसानं १७९५ मध्ये चिरंतन शांततेवरचं एक छोटं पुस्तक लिहिलं आणि त्यात परक्या ठिकाणी जाण्याच्या हक्काचा विचार केला. तो दोन हक्क वेगळे करतो. एक, भेट देण्याचा हक्क. मी तुमच्या भूमीवर आलो आणि नीट वागतोय तोवर तुम्ही मला शत्रू समजू नये. दुसरा, पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क. तो आपोआप मिळत नाही, त्यासाठी यजमानाची मर्जी लागते. पहिला हक्क सगळ्यांना का आहे, तर पृथ्वी गोल आहे, तिचा पृष्ठभाग मर्यादित आहे, माणसं पसरून पसरून शेवटी एकमेकांच्या शेजारीच येणार, आणि कोणत्याही तुकड्यावर मुळात कुणाचा दुसऱ्यापेक्षा जास्त हक्क नव्हता. पुढं तो युरोपातल्या व्यापारी राष्ट्रांना सुनावतो की त्यांच्या लेखी भेट देणं आणि जिंकणं यांत काही फरकच उरलेला नाही.

शहराला हे लावून बघितलं की माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं. भेट देण्याचा हक्क सगळ्यांना सारखा असेल, तरच तो हक्क. मी तुमच्या गल्लीत येऊ शकतो आणि तुम्ही माझ्या गल्लीत येऊ शकत नाही, अशी स्थिती असेल तर माझ्याकडं आहे ती सवलत. आम्ही पाच जण रविवारी पाठीवर बॅग लावून कुठंही शिरतो आणि लोक आम्हाला स्टुडंट, पत्रकार किंवा एनजीओवाले समजून वाट सांगतात. त्याच वस्तीतली पाच पोरं रविवारी माझ्या सोसायटीत 'एक्सप्लोर' करायला आली तर दहा मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर सीसीटीव्हीचा फोटो पडेल.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉयटर?' हे मुंबईतल्या बायका आणि सार्वजनिक जागा यांवरचं पुस्तक २०११ मध्ये आलं. त्यातला एक मुद्दा आमच्या ग्रुपमधल्या मैत्रिणीनं मला समजावून सांगितला. बाईला रस्त्यावर असायचं तर काहीतरी काम दाखवावं लागतं. नुसतं उगाच उभं राहण्याची, निरुद्देश भटकण्याची तिला मुभा नसते. आणि बायकांच्या सुरक्षिततेच्या नावाखाली बऱ्याचदा गरीब किंवा दुसऱ्या धर्माच्या पुरुषांना हाकललं जातं, त्यामुळे भटकण्याचा हक्क मागायचा तर तो सगळ्यांसाठीच मागावा लागतो. ती म्हणाली, "तुम्हाला ड्रॉपडाऊन आत्ता दिसला. मी तो रोज भरते."

या मुद्द्यावरून मला एक उलटी बाजू दिसली. वस्तीतल्या लोकांना आमची सोसायटी माहीत नाही असं मुळीच नाही. मित्राच्या आई वीस वर्षं कोथरूडमध्ये चार घरची कामं करतात. कुठल्या इमारतीत कुणाच्या फरशीला तडा आहे, कुणाच्या घरी आजोबांना दिसत नाही, कुणाकडं नवरा-बायको बोलत नाहीत, हे त्यांना ठाऊक आहे. आम्हाला त्यांच्या गल्लीची जेवढी माहिती आहे त्याच्या शंभरपट त्यांना आमच्या घरांची आहे. फरक एवढाच की त्या कामासाठी येतात आणि आम्ही फिरायला जातो. त्यांच्या येण्याला वेळ ठरलेली, लिफ्ट ठरलेली, कारण ठरलेलं. शहराचा कुठलाही कोपरा बिनकामाचा, स्वतःच्या आनंदासाठी बघता येणं ही खरी श्रीमंती आहे, आणि ती आमच्या दर रविवारच्या फेरीत इतकी सहज असते की दिसत नाही. काकू बोलता बोलता म्हणाल्या, "तुमच्याकडं बागेत ते दगडी बाक आहेत ना, सावलीतले. वीस वर्षं बघते. कधी बसले नाही."

*

एवढं म्हटल्यावर काय करायचं? माझ्या मते उत्तर पुण्याच्याच इतिहासात, एकमेकांपासून फार लांब नसलेल्या ठिकाणी पडलेलं आहे.

१८९७ च्या सुरुवातीला पुण्यात प्लेग होता. रँडच्या प्लेग कमिटीनं गोऱ्या सैनिकांना पेठांमधल्या घराघरांत घुसवलं. स्वयंपाकघर, देवघर, बायकांच्या खोल्या, सगळीकडं झडती. रोगी शोधून वेगळे करणं हा उद्देश वैद्यकीयदृष्ट्या निरर्थक नव्हता. पण आत येणाऱ्याला आतल्या माणसाचं काही देणं लागत नाही अशा थाटात ते आत आले. त्या संतापातून २२ जूनच्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, हे आपण शाळेत शिकतो.

त्याच प्लेगमध्ये, त्याच वर्षी, सावित्रीबाई फुलेही परक्या वस्त्यांमध्ये जात होत्या. त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत यानं हडपसरजवळच्या ससाण्यांच्या माळावर दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीतला एक आजारी मुलगा त्यांनी पाठीवर घेऊन तिथं पोचवला, असं सांगितलं जातं. त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. सैनिक आणि सावित्रीबाई, दोघंही बोलावणं नसताना दुसऱ्याच्या दारात गेले. दोघांकडंही चांगलं कारण होतं. तरी एकाला आपण घुसखोर म्हणतो आणि दुसरीपुढं हात जोडतो. कारण एकानं आपण सुरक्षित राहून दुसऱ्याचं घर उघडं केलं, आणि दुसरीनं स्वतःचं अंग त्या घराच्या दुखण्यापासून वेगळं ठेवलं नाही.

रविवारच्या पाच भटक्यांची तुलना सावित्रीबाईंशी करणं हास्यास्पद आहे, ते मला कळतं. आम्हाला एवढं मोठं काही करायचं नाही. पण त्यांच्या घरातलीच आणखी एक गोष्ट आहे, ती आमच्या मापाची आहे. गंज पेठेतल्या, म्हणजे आताच्या महात्मा फुले पेठेतल्या, फुलेवाड्यात आम्ही तिसऱ्या की चौथ्या फेरीत गेलो होतो. तिथला हौद जोतीरावांनी १८६८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुला केला. मला आधी या गोष्टीचं फार काही वाटलं नव्हतं. शाळा काढण्यापुढं हौद लहान वाटतो. आता वाटतं की ती सगळ्यात अवघड गोष्ट असेल. दुसऱ्याच्या वस्तीत जाऊन काही चांगलं करणं यात परत घरी येण्याची सोय असते. हौद घरात होता. तो उघडल्यावर शेजारी, नातेवाईक, जात, सगळ्यांशी रोज सकाळी त्याच अंगणात सामना होता.

म्हणून माझ्यापुरतं उत्तर असं आहे. अनोळखी भागात जावं, जरूर जावं, आणि कुतूहल वाटलं म्हणून अपराधी वाटून घेऊ नये. पण जिथं गल्ली हेच घर आहे तिथं जेवायला गेल्यासारखं जावं, म्हणजे कुणाकडं तरी जावं. ओळख नसेल तर टपरीवर चहा घ्यावा, बसावं, विचारलं तर नाव सांगावं. आपण बघतोय तसं आपल्यालाही बघितलं जातंय, हे निमूट सोसावं. एकदा गेलो ती भेट आणि दुसऱ्यांदा गेलो ती ओळख, म्हणून नव्या जागांच्या यादीपेक्षा जुन्या जागी परत जाण्याला जास्त किंमत द्यावी. हे सगळं पाळलं तरी हिशोब निम्माच पूर्ण होतो. उरलेला निम्मा आपल्या फाटकाशी आहे. दुसऱ्याच्या गल्लीत फिरण्याचा हक्क आपल्या गल्लीत दुसऱ्याला फिरू देण्यानंच खरा होतो, आणि ते काम रविवारच्या फेरीपेक्षा खूपच कंटाळवाणं आहे. त्यात मीटिंगा असतात.

मी सोसायटीच्या सभेला पत्र दिलं. मागणी लहान होती. इथं काम करणाऱ्यांना दुपारी बागेत बसून डबा खाऊ द्यावा, आणि ॲपमधल्या यादीत कारण न सांगता येण्याचा एक पर्याय असावा, निदान दिवसा. पहिल्या मुद्द्यावर वीस मिनिटं चर्चा झाली, दुसऱ्यावर लोक हसले. एका काकांनी विचारलं, "उद्या काही झालं तर जबाबदार कोण?" हा प्रश्न मला उडवून लावता येत नाही. वरच्या मजल्यावर दोन आजी एकट्या राहतात, मागच्या वर्षी शेजारच्या इमारतीत चोरी झाली होती, आणि भीती खोटी असते असं मी म्हणणार नाही. पण त्या दुपारी पर्वतीच्या उतारावर किमान वीस घरांची दारं सताड उघडी होती आणि आम्ही चार अनोळखी माणसं त्यांच्यासमोरून गेलो. त्यांच्याकडंही चोऱ्या होतात. भीतीचा सगळा बंदोबस्त फाटक घालून करायचा, हे त्यांना परवडत नाही म्हणून ते प्रश्न विचारतात आणि चेहरे लक्षात ठेवतात. आम्हाला परवडतं म्हणून आम्ही चेहरे बघायचं सोडून दिलंय. बाबा कमिटीत आहेत. घरी येताना ते म्हणाले, "तुझं म्हणणं पटतंय, पण लोक ऐकायचे नाहीत." विषय पुढच्या सभेवर ढकललाय.

तोवर पुढचा रविवार आमच्याकडं आहे. मित्र, त्याचे वडील आणि काकू जेवायला येणार आहेत. ॲपवर 'पाहुणे' असं टाकणार आहे, तो पर्याय आहेच. जेवण झाल्यावर खाली बागेत जाऊन बसायचं, असं मी काकूंना फोनवर सांगून ठेवलंय. त्या म्हणाल्या, "बघू रे. ऊन कमी झालं की बघू."